जुना मॉनिटर नव्या लॅपटॉपला जोडायचाय? आधी दोन्हीकडची पोर्टं बघा

माळ्यावर टाकलेला १७-१९ इंची मॉनिटर अजून चालू होत असेल तर प्लीज भंगारात देऊ नका. एक्सेल, कोडिंग, ऑनलाइन क्लास, काहीही करत असाल तरी दुसरी स्क्रीन खूप कामाची आहे, आणि खर्च फक्त एका कन्व्हर्टरचा किंवा केबलचा.

पण दुकानात जायच्या आधी मॉनिटरच्या मागे बघा. तीन ओळींत १५ भोकं आणि दोन बाजूंना स्क्रू, बहुतेक वेळा निळं, ते व्हीजीए. त्याहून मोठं, बऱ्याचदा पांढरं, ते डीव्हीआय. मग लॅपटॉप बघा, तिथे एचडीएमआय असेल किंवा नुसतं यूएसबी-सी.

व्हीजीए असेल तर नीट लक्ष द्या, कारण घोळ इथेच होतो. व्हीजीए ॲनालॉग आहे आणि लॅपटॉपमधून निघतो डिजिटल सिग्नल, त्यामुळे मध्ये चिपवाला कन्व्हर्टर लागतोच, आणि तो एकाच दिशेने चालतो. तुम्हाला हवाय 'एचडीएमआय टू व्हीजीए', त्याच्या उलटा 'व्हीजीए टू एचडीएमआय' पण दिसायला तसाच असतो आणि तो इथे काहीच कामाचा नाही, म्हणून पाकिटावरचं नाव वाचूनच घ्या.

डीव्हीआयचं सोपंय. एचडीएमआय ते डीव्हीआय-डी साधी केबल चालते, कन्व्हर्टर नको, फक्त आवाजाची अपेक्षा ठेवू नका.

लॅपटॉपला फक्त यूएसबी-सी असेल तर प्रत्येक यूएसबी-सीमधून चित्र जात नाही हे लक्षात ठेवा, काही पोर्टं नुसती चार्जिंग आणि डेटाची असतात. शेजारी थंडरबोल्टची (बाणासारख्या विजेची) किंवा डीपीची (म्हणजे डिस्प्लेपोर्टची) खूण असेल तर काम होईल, खूण नसेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून 'डिस्प्लेपोर्ट' लिहिलंय का बघा, मगच पैसे घाला.

आता जोडा. मॉनिटर चालू करून त्याच्याच मेनू बटणाने इनपुट बरोबर निवडा, 'नो सिग्नल' दिसण्याचं कारण कितीतरी वेळा एवढंच असतं. मग विंडोज बटण आणि पी एकदम दाबून 'एक्स्टेंड' घ्या. डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन द्या, १९ इंची चौकोनी असेल तर सहसा १२८० बाय १०२४, नाहीतर अक्षरं पुसट दिसतात. 'आउट ऑफ रेंज' आलं तर रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ करा. व्हीजीएवर चित्र एका बाजूला सरकलं असेल तर मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण दाबा, आपोआप जागेवर येतं.

लॅपटॉपचा आवाज अचानक गेला तर घाबरू नका, तो एचडीएमआयकडे वळलेला असतो, खाली स्पीकरच्या चिन्हातून परत लॅपटॉपचे स्पीकर निवडा. आणि व्हीजीएवर एखाद्या ओटीटीचं चित्र काळं आलं तर केबलला दोष देऊ नका, कॉपी होऊ नये म्हणून जे संरक्षण असतं ते व्हीजीएवर चालतच नाही, तेवढं लॅपटॉपच्याच स्क्रीनवर बघा.