हरणाच्या शिकारीला जाताना काय घालावे: विस्कॉन्सिनमधील पहिल्या हंगामासाठी

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणाची शिकार करण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि ऑफिसातले बरेच जण रजेवर जातात. एखाद्या वर्षी शेजारी किंवा सहकारी "या वेळी तूही चल" म्हणतो, परवाना निघतो, सुरक्षिततेचे प्रशिक्षण होते आणि मग प्रश्न उरतो कपड्यांचा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच घरातून गेला असल्याने याबाबत आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना विचारण्याची सोय नाही. परिणामी दुकानात भिंतभर पानाफांद्यांची छपाई पाहून नवखा माणूस पहिल्यांदा सर्वांत महागडे कॅमो, म्हणजे झाडीत मिसळून जाणाऱ्या नक्षीचे, जॅकेट उचलतो. खरेदी नेमकी उलट क्रमाने करावी: आधी नारिंगी रंग, मग आतले थर, मग बूट, आणि पैसे उरलेच तर कॅमो.

नारिंगी रंग हा आवडीनिवडीचा भाग नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस लांबून ओळखू यावा म्हणून केलेला तो कायदा आहे. या हंगामात कमरेच्या वरच्या बाहेरील कपड्यांचा किमान ५० टक्के भाग झगझगीत नारिंगी किंवा, २०१६ पासून चालणारा, झगझगीत गुलाबी असावा लागतो आणि टोपी घातली तर तिलाही हाच नियम लागू होतो. धनुष्यबाण घेऊन जाणाऱ्यालाही या काळात सूट नाही. इतर राज्यांचे हिशेब वेगळे आहेत. पेनसिल्व्हेनियात २५० चौरस इंच, तर कोलोरॅडोत ५०० चौरस इंच नारिंगी मोजतात, म्हणून राज्य बदलले की नियमपुस्तिका पुन्हा वाचावी. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सर्व कपड्यांवरून चढवता येईल असे सैल नारिंगी जाकीट घेणे. पाठीवरच्या पिशवीने ते झाकले जात नाही ना, हे आरशात वळून पाहावे, आणि उन्हाने विटलेले जाकीट मित्राने प्रेमाने दिले तरी घेऊ नये.

एवढा भडक रंग घालून हरीण कसे जवळ येईल, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर ताडोबात मिळते. वाघ स्वतःच नारिंगी आहे, तरीही चितळाला तो झाडीत सहज दिसत नाही, कारण हरणाच्या डोळ्याला लाल-नारिंगी आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. निळा रंग मात्र त्याला चांगला दिसतो, आणि माणसाच्या डोळ्यातले भिंग जे अतिनील किरण अडवते ते हरणाचे भिंग आत जाऊ देते. तेव्हा निळी जीन्स घरी ठेवावी. पूर्वी आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना नीळ देत असत. आजच्या बहुतेक धुण्याच्या पावडरींत तेच काम करणारी चकाकी आणणारी रसायने असतात, जी अतिनील किरण शोषून निळसर उजेड टाकतात. शिकारीचे कपडे अशी रसायने आणि सुगंध नसलेल्या साबणानेच धुवावेत.

धुतल्यानंतर ते स्वयंपाकघराजवळच्या कपाटात टांगू नयेत. फोडणीचा वास लोकरीत मुरतो, तो आपल्याला जाणवेनासा झाला तरी हरणाला जाणवतो. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात गॅरेजमध्ये ठेवावेत, डांबराच्या गोळ्या न टाकता. डोक्याला खोबरेल तेलही त्या दिवशी नको. मात्र कपड्यांना वास येऊ नये म्हणून विकल्या जाणाऱ्या फवाऱ्यांपेक्षा वारा हरणाकडून आपल्याकडे वाहत असेल अशी जागा निवडणे कितीतरी उपयोगी पडते.

कापडाचा आवाज दुकानातच तपासता येतो. बाही कानाजवळ धरून तिच्यावर नख ओढावे. चिप्सच्या पाकिटासारखी कुरकुर ऐकू आली तर ते जॅकेट, कितीही जलरोधक असो, परत ठेवावे. लोकर आणि फ्लीस (लोकरीसारखे मऊ कृत्रिम कापड) यांचा आवाज जवळजवळ होत नाही. खिशाला वेल्क्रोची चिकटपट्टी असेल तर ती उघडतानाचा चर्र आवाज पहाटेच्या शांततेत किती मोठा वाटतो, हे मी पहिल्याच सकाळी शिकलो. ते हरीण पुन्हा दिसले नाही.

थंडीचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण मचाणावर तासन्‌तास न हलता बसायचे असते आणि कुडकुडणारा माणूस स्थिर बसू शकत नाही. अंगाला लागून सुती कापड अजिबात नसावे. ते घाम धरून ठेवते आणि मग ओल्या फडक्यासारखे अंगाला चिकटते. खाली मेरिनो लोकरीचे थर्मल, त्यावर फ्लीस किंवा जाड लोकर आणि सर्वांत वर वारा अडवणारे जॅकेट, असे थर करावेत. मात्र गाडीतून उतरल्याबरोबर सगळे अंगावर चढवून चालू लागू नये. मचाणापर्यंत थोडी थंडी वाजेल इतक्याच कपड्यांत, सावकाश चालावे, जाड जॅकेट पिशवीला बांधून न्यावे, पोहोचल्यावर घाम सुकू द्यावा आणि मगच ते घालावे. बूट एक माप मोठे असले तर बिघडत नाही. दोन मोजे कोंबून पाय आवळले की रक्त खेळत नाही आणि बोटे आधी गारठतात.

आता ब्रँड. ज्या नावांवरून इथे खरोखर वाद रंगतात त्यांपैकी रिअलट्री आणि मॉसी ओक ही मुख्यतः कापडावरच्या नक्षीची नावे आहेत. दोन्ही १९८६ मध्ये सुरू झाली आणि त्यांची नक्षी परवाना घेऊन अनेक कंपन्या छापतात, म्हणजे एकच नक्षी उत्तम जॅकेटवरही असते आणि दोन धुण्यांत उसवणाऱ्यावरही. शिवण आणि अस्तर पाहून घ्यावे, नक्षी पाहून नव्हे. हुबेहूब पानाफांद्यांची बारीक छपाई हाताच्या अंतरावर सुंदर दिसते, पण पन्नास पावलांवरून तिचा एकच काळपट गोळा होतो; म्हणून सिटकाची ऑप्टिफेड किंवा कुयू यांच्या नव्या नक्ष्यांत मोठे गडद-फिके ठिपके माणसाची आकृती फोडतात. या कंपन्यांचे कापड आणि बेतणी चांगली आहे, किंमतही तशीच आहे. दुसरीकडे मॉसी ओकची १९८६ ची बॉटमलँड ही जुनी नक्षी पुन्हा तरुणांच्या अंगावर दिसू लागली आहे, आणि तिच्यामागे गरजेपेक्षा हौस जास्त आहे, असे माझे मत आहे. विस्कॉन्सिनची खरी निष्ठा बघायची तर स्टॉर्मी क्रोमर टोपी बघावी: १९०३ मध्ये इथल्या एका रेल्वे इंजिनचालकाच्या टोप्या वाऱ्याने उडत, म्हणून त्याच्या बायकोने बेसबॉलच्या टोपीला कान झाकणारी पट्टी शिवून दिली. ती आजही लोकरीचीच आहे, आणि नारिंगी रंगातही मिळते.

कॅमोवर खर्च करायचाच असेल तर तो वसंतातल्या टर्कीच्या शिकारीसाठी करावा. पक्ष्यांना रंग उत्तम दिसतात, त्या हंगामात नारिंगीची सक्तीही नसते, आणि चेहरा व हातसुद्धा झाकावे लागतात. नर टर्कीचे डोके लाल, पांढरे आणि निळे असते, त्यामुळे यांतला कोणताही रंग अंगावर दिसला तर दुसरा शिकारी त्यावर नेम धरू शकतो. झाडाला टेकून बसल्यावर पँट वर सरकते. तेव्हा घोट्याजवळ पांढरे मोजे उघडे पडत नाहीत ना, हे बसल्या जागी एकदा पाहून घ्यावे.