निकेल न सोसणारी त्वचा आणि बेंबी टोचून घेणं

बेंबी टोचून घ्यायचं मनात असेल, तर आधी जीन्सचं बटण पोटाला जिथे टेकतं ती जागा नीट बघा. तिथे काळपट, खरखरीत चट्टा असेल आणि घाम आला की तो खाजत असेल, तर बहुतेक तुम्हाला बटणातला निकेल हा धातू सोसत नाही. माझ्या पोटावर असा चट्टा कॉलेजपासून होता. खोटी कानातली घातली की पाळ्यांतून लस यायची, आणि घरात सगळे त्याला ‘उष्णता’ म्हणायचे.

म्हणून मी स्टुडिओ शोधण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. ते निकेलसारखे पदार्थ असलेल्या पट्ट्या पाठीवर लावून पॅच टेस्ट करतात. पट्ट्या ४८ तास ठेवायच्या, तेवढा वेळ पाठ भिजवायची नाही, आणि पट्ट्या काढल्यानंतर एक-दोन दिवसांनी परत दाखवायला जायचं, कारण लाली उशिराही उमटते. कंटाळवाणं आहे, पण करा. निकेलखेरीज चिकटपट्टी किंवा एखादं मलम चालत नसेल तर तेही यातच कळू शकतं. गरोदरपणा, बेंबीचा हर्निया, ताबा नसलेला मधुमेह, व्रण जाड होऊन वाढायची सवय, बेंबीतून झालेली दुर्बिणीची शस्त्रक्रिया, यातलं काही असेल तर तेव्हाच सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं तेही विचारून घ्या.

खरा प्रश्न धातूचा. ‘सर्जिकल स्टील आहे, काही होत नाही’ हे वाक्य तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. दागिन्यांसाठी वापरतात त्या ३१६ एल स्टीलमध्ये १० टक्क्यांहून जास्त निकेल असतं. ज्याची त्वचा ते सहन करते त्याचं निभावतं. आपल्यासारख्यांनी ते ताज्या जखमेत महिनोन् महिने ठेवू नये. इम्प्लांट दर्जाचं टायटॅनियम मागा. त्यावर एएसटीएम एफ १३६ हे मानक असतं. हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरतात तोच हा दर्जा. दुकानदाराकडे मालाचं प्रमाणपत्र असायला हवं. ते दाखवायला टाळाटाळ झाली तर सरळ उठून या. आई म्हणाली, सोन्याचं घाल ना. पण आपलं २२ कॅरेट सोनं मऊ असतं, त्यावर ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. पांढऱ्या सोन्यात निकेल असू शकतं. मुलामा दिलेलं तर नकोच, तो झिजला की खालचा धातू उघडा पडतो.

दागिना म्हणजे वाकडी दांडी. ती साधारण १.६ मिलिमीटर जाड असावी आणि पहिल्यांदा सुजेला जागा राहील इतकी लांब. फिरकीचे आटे दांडीच्या बाहेरून नकोत, आत असावेत. बाहेरचे आटे कातडीतून ओढले जाताना ती खरवडतात.

टोचणाऱ्याने नव्या पोकळ सुईचं बंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला हवं. टोचायची बंदूक अजिबात नको. तुम्हाला रबर चालत नसेल तर नायट्राइलचे हातमोजे घालायला सांगा. चांगला माणूस आधी तुम्हाला उभं करतो, मग बसवतो, आणि दोन्ही वेळा खूण तपासतो. बसल्यावर वरची घडी बेंबीवर पूर्ण दुमडत असेल किंवा पकडायला पुरेशी कातडी नसेल, तर तो नाही म्हणेल. त्याचं ऐका.

नवरात्रात चनियाचोळीवर दिसावी म्हणून आठ दिवस आधी टोचून घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. बेंबी भरायला सहा महिने ते वर्ष लागतं. त्या जखमेवर घाम, घेर आणि घट्ट नाडी नको. मी थंडीत टोचून घेतली. परकराची नाडी बेंबीच्या बरीच खाली बांधायची, निऱ्या खाली खोचायच्या, जीन्स काही महिने कपाटात.

धुण्यासाठी ०.९ टक्क्यांचं निर्जंतुक सलाईन पुरतं. दिवसातून दोनदा ते लावायचं, गॉजने टिपायचं, बस. नाकात घालायचे सलाईनचे थेंब वापरू नका, त्यांत अनेकदा टिकवण्यासाठी रसायन घातलेलं असतं. हळद, खोबरेल, डेटॉल, स्पिरिट यांतलं काही नको. मनाने अँटिबायोटिक मलमही चोपडू नका. अशा मलमांत असणाऱ्या निओमायसिनची अ‍ॅलर्जी बऱ्याच जणांना असते. दांडी फिरवायची नाही, खपली नखाने काढायची नाही, आणि पोहणं बंद.

सुरुवातीला थोडी लाली आणि पिवळट लस येणारच. खाज, बारीक पुरळ आणि भोकापासून लांबवर पसरणारी लाली दिसली तर संशय धातूवर किंवा लावलेल्या औषधावर घ्या, आणि डॉक्टरांना दाखवा. जागा गरम लागणं, ठणका, हिरवट पू किंवा ताप ही संसर्गाची लक्षणं. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठा. दागिना मात्र स्वतः काढू नका. भोकाचं तोंड बंद झालं तर पू आत कोंडतो. दांडीवरची कातडी पातळ होऊन धातू दिसायला लागला, तर शरीर दांडी बाहेर ढकलतंय. कातडी फाटायच्या आत टोचणाऱ्याकडून दांडी काढून घ्या.

पूर्ण भरल्यावर लोंबतं घुंगरू खुशाल घाला, पण त्याची दांडी आणि कातडीला टेकणारं घुंगरू, दोन्ही टायटॅनियमचीच हवीत.