‘लई घाबरलो’ हे इंग्लिशमध्ये सांगताय? या चुका टाळा

भावाचा होटगी रोडला गाडीवरून अपघात झाला तेव्हा रात्री फोन आला आणि माझे हातपाय गार पडले. पुढं पुण्यात एका इंटरव्ह्यूत कठीण प्रसंग सांगा म्हणाले, तर मी हेच सांगितलं आणि म्हणालो ‘आय गॉट कोल्ड फीट’. समोरच्या मॅडमनी विचारलं, मग दवाखान्यात कोण गेलं? अहो मीच गेलो होतो की, रात्रभर तिथंच बसून होतो! पण इंग्लिशमध्ये कोल्ड फीट म्हणजे ऐनवेळी कच खाणं, म्हणजे लग्न ठरलंय आणि आदल्या दिवशी नवरदेव नको म्हणतोय, तसलं. त्यांना वाटलं मी भावाला सोडून मागं सरलो. ते मला फार लागलं. तिथं ‘माय ब्लड रॅन कोल्ड’ पाहिजे होतं, आपलं रक्त गोठलं तसंच. फक्त ‘इन कोल्ड ब्लड’ म्हणू नका, त्याचा अर्थ दयामाया न दाखवता, थंड डोक्यानं केलेला खून वगैरे.

आता संध्याकाळी जुळे सोलापुरात पोरांची इंग्लिशची शिकवणी घेतो, तिथं सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ‘आय वॉज स्केअरी’. याचा अर्थ मी भीतीदायक होतो, लोक मला बघून घाबरत होते! घाबरलेला माणूस स्केअर्ड, घाबरवणारी गोष्ट स्केअरी. आणि कुत्र्याला घाबरतो म्हणताना ‘अफ्रेड फ्रॉम’ नाही, ‘अफ्रेड ऑफ’. आपण ‘पासून’ मनात धरतो म्हणून फ्रॉम येतं.

दुसरी मोठी चूक ‘टेरिफिक’. अपघात टेरिफिक होता असं चांगली शिकलेली माणसं पण लिहितात. या शब्दाचा जुना अर्थ भयानक असाच होता, पण आता लोक तो झकास या अर्थानं वापरतात, म्हणजे कुणाचा तरी पाय मोडला आणि तुम्ही म्हणताय काय मस्त अपघात झाला. टेरिफाइंग म्हणा. स्वतःबद्दल सांगायचं तर ‘आय वॉज टेरिफाइड’, त्याच्या आधी व्हेरी लावू नका, शब्दातच लई घाबरलो आहे, जोर द्यायचाच तर ॲब्सोल्युटली.

मग कुठली भीती कुठं, हे गड्ड्यावर, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत नेऊन सांगितलं की पोरांना पटकन कळतं. होम मैदानावर मोठ्या पाळण्यात धाकटी बहीण एकटी बसलीय, पाळणा वर जाऊन थांबला आणि तुम्ही खालून बघताय, तर ‘माय हार्ट वॉज इन माय माऊथ’, काळजी आणि भीती एकत्र. ‘केम इन माय माऊथ’ नाही. किंक्रांतीला शोभेचं दारूकाम चालू असताना कानाशेजारी अचानक धडाम झालं की ‘आय निअरली जम्प्ड आउट ऑफ माय स्किन’, हे फक्त दचकण्यासाठी, आणि त्यातला निअरली गाळू नका. पाळण्यात स्वतः बसलात आणि भीतीनं हलताच येईना तर ‘स्केअर्ड स्टिफ’ किंवा पेट्रिफाइड. पेट्रिफाइडच्या मुळाशी दगड हा अर्थ आहे, म्हणजे दगड झाला बघा माणूस. ‘स्केअर्ड टू डेथ’ मध्ये टू च्या जागी टिल किंवा अपटू घालू नका.

‘व्हाइट ॲज अ शीट’ चा अर्थ एका पोरीनं कागद लावला. शीट म्हणजे अंथरुणावरची पांढरी चादर, आपली रंगीत सोलापुरी नाही. मराठीत पांढराफटक पडला तेच.

गूजबम्प्स मात्र जपून वापरा, काटा भीतीनं येतो तसा थंडीनं आणि चांगलं गाणं ऐकून पण येतो, तर कशानं आला ते सांगायला लागतं.

आणि पाचावर धारण बसली, बोबडी वळली, धाबं दणाणलं, यांचं शब्दाला शब्द लावून इंग्लिश करत बसू नका. धारण म्हणजे धान्याचा भाव, तो इंग्लिश माणसाला कसा कळणार? अडलात की सरळ टेरिफाइड म्हणा, कुठंच चुकत नाही.

एक राहिलंच. ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘आय ॲम अफ्रेड वी कॅनॉट डिलिव्हर टुडे’ असं आलं तर समोरचा घाबरलेला नाही, तो माफ करा म्हणतोय. चादरीच्या धंद्यातल्या माझ्या एका मित्रानं असला मेल वाचून पार्टी बुडाली की काय म्हणून तिकडं फोन लावला होता, माल दुसऱ्या दिवशी आला.