जुनी मॉडेल रेल्वे घेताना आधी गाडी उलटी करून पाहावी

इंग्लंड किंवा जर्मनीत केवळ जुन्या खेळण्यांचे आणि मॉडेल रेल्वेचे बाजार भरतात. तेथे टेबलांच्या रांगांवर इंजिने, डबे आणि रूळ मांडलेले असतात आणि आपण काय विकतो आहोत हे विक्रेत्यालाही पुरते ठाऊक असते. सोलापुरात असा बाजार माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे मकरसंक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर भरणारा सिद्धेश्वरांचा गड्डा, म्हणजे जत्रा, आहे, पेठापेठांतले भंगारवाले आणि रद्दीवाले आहेत, आणि थोडा प्रवास करण्याची तयारी असेल तर पुण्याचा बुधवारी व रविवारी भरणारा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार आहे. या ठिकाणी मॉडेल रेल्वे असा वेगळा माल नसतो. फुटकी बाहुली, चाके निखळलेली मोटार आणि टेपरेकॉर्डरचे सुटे भाग यांच्या ढिगात एखादे इंजिन पडलेले असते आणि त्याची किंमत सांगणाऱ्याला ते चालते की नाही याची कल्पना नसते. म्हणून पारखण्याचे सगळे काम आपल्यालाच करावे लागते आणि ते उभ्याउभ्या दहा मिनिटांत उरकावे लागते.

गड्ड्यात बहुतेक माल नवा असतो. गोल रुळावर फिरणाऱ्या बॅटरीच्या गाड्या मुलांसाठी उत्तम आहेत, पण संग्रह करणाऱ्याने कडेच्या, जमिनीवर पथारी टाकून बसलेल्या विक्रेत्यांकडे आधी जावे, कारण जुना, पडून राहिलेला किंवा घरोघरून गोळा केलेला माल असलाच तर तेथे असतो. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या आणि अक्षता सोहळ्याच्या दिवशी शहरात इतकी गर्दी असते की शोधाशोध शक्य नसते. ते दिवस दर्शनासाठी राखावेत. मधल्या एखाद्या दिवशी दुपारी, दुकाने नुकतीच उघडलेली असताना गेल्यास विक्रेता निवांत असतो आणि टोपले उपसून पाहू देतो. जत्रा संपत आली की उरलेला माल परत बांधून नेणे त्याच्या जिवावर येते आणि भावही उतरतो. हव्याच असलेल्या वस्तूसाठी मात्र तोवर थांबू नये.

सोलापूरकरांना आणखी एक वाट आहे. सोलापूर हे मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्यालय आहे, त्यामुळे रेल्वेत नोकरी केलेली कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. रेल्वे लाइन्सच्या परिसरात किंवा ओळखीच्या निवृत्त कर्मचाऱ्यांकडे सहज विषय काढावा. परदेशातून कोणी कधीतरी आणलेली गाडी माळ्यावर पडून असते आणि दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारात जाण्याआधी आपला शब्द त्या घरात पोहोचलेला असला पाहिजे. अशी गाडी घेताना घरच्यांना योग्य किंमत आपणहून सांगावी. त्यांच्या अजाणपणाचा फायदा घेऊन मिळवलेली वस्तू शेल्फवर ठेवण्यात मला कधी आनंद वाटलेला नाही.

घराबाहेर पडण्यापूर्वी आपले माप ठरलेले असावे. एचओ या मापाचे प्रमाण 1:87 आहे, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीच्या 87 पट लहान असते, आणि त्याच्या दोन रुळांमधले अंतर 16.5 मिलिमीटर असते. ब्रिटिश ओओचे प्रमाण 1:76 आहे, पण रूळ तेच, 16.5 मिलिमीटरचे. त्यामुळे दोन्ही गाड्या एकाच रुळावर धावतात, मात्र ओओचा डबा एचओच्या शेजारी उभा केला की सुमारे एक-सप्तमांश मोठा दिसतो आणि डोळ्याला खटकतो. एन गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर) रूळ 9 मिलिमीटरचे असतात. जुन्या पत्र्याच्या, किल्लीच्या गाड्या बहुधा ओ गेजच्या, म्हणजे 32 मिलिमीटरच्या रुळांवरच्या असतात. फ्रँक हॉर्नबी यांच्या कंपनीने 1920 मध्ये गाड्या विकायला सुरुवात केली ती याच मापाने. आपले माप ठरलेले नसले की दिसेल ते घेण्याचा मोह होतो आणि दोन वर्षांनी घरात चार मापांच्या गाड्या जमतात, ज्यांतली एकही दुसरीला जोडता येत नाही.

बाजारात जाताना सोबत नेण्याची सामग्री खिशात मावते: 16.5 आणि 9 मिलिमीटरच्या रुळाचा प्रत्येकी एक वीतभर तुकडा, छोटी पट्टी, भिंग, जुना दात घासण्याचा ब्रश, आणि दोन वायरी जोडलेली 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी. मल्टिमीटर असेल तर उत्तम.

इंजिन हातात आले की आधी ते उलटे करावे. रंग, अक्षरे, डोळ्यात भरणारा धुरांडा हे सगळे नंतर पाहता येते आणि पुष्कळदा दुरुस्तही करता येते. गाडी चालणार की नाही हे मात्र पोटाखालीच ठरते. प्रथम चाके रुळाच्या तुकड्यावर बसवून पाहावीत. ती सैल किंवा घट्ट बसत असतील तर माप वेगळे आहे किंवा चाके धुरीवर सरकली आहेत. चाकांच्या आतल्या कडा किती खोल आहेत हेही पाहावे. लिमा कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या कडा इतक्या खोल असतात की कमी उंचीच्या बारीक रुळांवर त्या स्लीपरच्या खिळ्यांवर खडखडत जातात. रूळ जुन्या धाटणीचे, उंच असतील तर काही अडचण येत नाही.

इंजिनाच्या पोटाखाली मधोमध लांब धातूची पट्टी दिसली तर सावध व्हावे. ती बहुधा मार्क्लिन या जर्मन कंपनीची गाडी असते. मार्क्लिनच्या पद्धतीत वीज रुळांच्या मधल्या बारीक खुंट्यांवरून त्या पट्टीने घेतली जाते आणि डावी-उजवी चाके एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या वेगळी केलेली नसतात. आपल्या नेहमीच्या दोन रुळांच्या, डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेच्या मांडणीवर ती ठेवली तर थेट शॉर्ट होते. गाडी दर्जेदार असते, पण तिच्यासाठी तिचेच रूळ आणि तिचाच ट्रान्सफॉर्मर लागतो. जुन्या हॉर्नबी डब्लो गाड्यांचेही असेच आहे. 1938 पासून 1950 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्या गाड्या तीन रुळांच्या होत्या.

यानंतर बॅटरी लावून पाहावी. विक्रेत्याची परवानगी आधी घ्यावी, “मालक, बॅटरी लावून बघू का?” एवढे विचारले तरी सोलापुरात बहुधा “बघा की!” असेच उत्तर मिळते. एक वायर डाव्या आणि दुसरी उजव्या चाकाला टेकवावी. मोटर फिरली नाही म्हणून लगेच गाडी खाली ठेवू नये. पुष्कळ जुन्या इंजिनांत एका बाजूची वीज पुढच्या चाकांतून आणि दुसऱ्या बाजूची मागच्या चाकांतून किंवा टेंडरमधून, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यातून, घेतलेली असते, म्हणून चाकांच्या सगळ्या जोड्या आलटूनपालटून तपासाव्यात. मोटर नुसती गुणगुणत असेल आणि चाके जागची हलत नसतील तर बॅटरी तत्काळ काढावी. वर्षानुवर्षे पडून ग्रीस मेणासारखे घट्ट झालेले असते आणि तो दोष साफसफाईने जातो. चाके फिरताना दर फेऱ्याला एकदा ‘टक्’ असा आवाज येत असेल तर प्लास्टिकचे दंतचक्र तडकले आहे असे समजावे. हा दोष दुरुस्त होतो, पण सुटा भाग मिळवण्याचा खर्च भावातून वजा झाला पाहिजे. जळका वास आला तर मोटरची गुंडाळी गेली आहे. अशी गाडी केवळ वरच्या सांगाड्यासाठी घ्यावी किंवा घेऊच नये. डिजिटल डिकोडर (रुळांतून येणारे संकेत वाचून मोटर चालवणारा भाग) बसवलेले इंजिन साध्या बॅटरीवर काही वेळा हलत नाही, तेव्हा आतमध्ये छोटा सर्किट बोर्ड दिसतो का तेही पाहावे.

धातूच्या जुन्या सांगाड्याकडे भिंगातून पाहणे फार महत्त्वाचे आहे. ओतीव जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहिली असेल तर तो धातू आतून फुगत जातो, केसासारख्या भेगा पडतात, सांगाडा वाकतो आणि शेवटी बिस्किटासारखा तुटतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मालात हा रोग अधिक आढळतो. त्यावर उपाय नाही. वरून कितीही देखणे असले तरी असे इंजिन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता गाडी सरळ करून वरचा भाग पाहावा. डबा डोळ्यांच्या रेषेत धरून त्याची कड सरळ आहे का हे तपासावे, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या छपराखाली ठेवलेले प्लास्टिक हमखास वाकते. चाकांवरचे रबरी टायर कडक किंवा चिरलेले असले तरी ते स्वस्तात बदलता येतात. कपलिंग मात्र नीट पाहावे. ब्रिटिश, अमेरिकी आणि युरोपीय जुन्या कपलिंगचे आकार वेगवेगळे असल्याने दोन डबे एकमेकांना न जोडता येणे ही नेहमीची अडचण आहे. मूळ खोका मिळत असेल तर तो फाटका असला तरी आवर्जून मागून घ्यावा, कारण त्यावरच्या क्रमांकावरून सुटे भाग शोधणे सोपे जाते.

भारतीय गाड्या उभ्या करायच्या असतील तर डब्याची लांबी मोजणे उपयोगी पडते. आपला जुना आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याच्या आराखड्याचा) डबा सुमारे 21.3 मीटर लांब, म्हणजे एचओमध्ये साडेचोवीस सेंटिमीटर. एलएचबी (जर्मन आराखड्याचा नवा) डबा सुमारे 23.5 मीटर, म्हणजे 27 सेंटिमीटर. खेळण्यांच्या डब्यांची लांबी अनेकदा कापलेली असते आणि असा डबा कितीही रंगवला तरी उद्यान एक्सप्रेसचा वाटत नाही. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा असल्याने एचओमध्ये रूळ खरे तर सव्वाएकोणीस मिलिमीटरचे हवेत. बहुतेक जण 16.5 वरच समाधान मानतात आणि मीही मानतो. इंजिनांमध्ये डब्ल्यूएपी-5 या विजेच्या इंजिनाचे घराणे स्वित्झर्लंडच्या आरई 460 या इंजिनाशी जोडलेले आहे आणि डब्ल्यूडीजी-4 हे डिझेल इंजिन अमेरिकी ईएमडी कंपनीच्या घडणीचे आहे, तेव्हा त्या देशांची रंग उडालेली इंजिने ढिगात दिसली तर ती बाजूला काढून ठेवावीत.

परदेशी असलेल्या मुलाला, भाच्याला किंवा पुतणीला तिकडच्या बाजारातून काही आणायला सांगायचे असेल तर इंजिन आणि डबे मागवावेत, ट्रान्सफॉर्मर मागवू नये. अमेरिकेत घरगुती वीज 120 व्होल्टची, जपानात 100 व्होल्टची आणि आपल्याकडे 230 व्होल्टची आहे. माझ्याकडे असा एक अमेरिकी ट्रान्सफॉर्मर आला होता; मागची पट्टी न वाचता मी तो प्लगमध्ये घातला आणि क्षणात त्यातून धूर निघाला. त्या वेळी घरात लहान मुले होती, हे आठवले की अजून अंगावर काटा येतो. जुना ट्रान्सफॉर्मर, मग तो ब्रिटिश 230-240 व्होल्टचा असला तरी, वायरीचे आवरण तडकलेले असेल तर घेऊच नये. 12 व्होल्ट डीसीचा नवा कंट्रोलर घ्यावा.

भावाबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. नवी वस्तू आज किती रुपयांना मिळते हे आधी पाहून ठेवावे, दोष विक्रेत्याला दाखवून मग आपली किंमत सांगावी, आणि एक इंजिन मागण्यापेक्षा टोपल्यातले सगळे रूळ व डबे मिळून भाव विचारावा.

घरी आणल्यावर पहिली साफसफाई आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने चाकांपुरती करावी. थिनर प्लास्टिकला लावू नये, ते विरघळते. तेल द्यायचे ते धुरीच्या धातूच्या टोकांना, सुईच्या अग्राने, थेंबाहूनही कमी. जुन्या पत्र्याच्या खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा ती मुलांच्या तोंडात जाणार नाहीत अशा जागी ठेवावीत आणि हाताळल्यावर हात धुवावेत.

शेवटी एका विशिष्ट वस्तूकडे सोलापूर जिल्ह्यातल्या शौकिनांनी लक्ष द्यावे, असे मला कळकळीने वाटते. एन गेजचे, वरचा सांगाडा फुटलेले पण खालची चाके आणि मोटर शाबूत असलेले छोटे इंजिन ढिगात दिसले तर ते सोडू नये. आपली बार्शी लाईट 762 मिलिमीटरच्या नॅरोगेजवर धावत असे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने उभारलेली ही रेल्वे 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली, पुढे पंढरपूर, लातूर आणि 1927 मध्ये मिरजेपर्यंत गेली. पुढे तो सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि वारकऱ्यांना पंढरीला नेणारी ती छोटी गाडी थांबली. आता 762 ला 87 ने भागले तर पावणेनऊ मिलिमीटर येतात, म्हणजे एन गेजचे 9 मिलिमीटरचे रूळ जवळजवळ अचूक त्याच मापाचे आहेत. इतर ग्राहक ज्या फुटक्या इंजिनाकडे पाहणारही नाहीत, त्याच्या चाकांवर 1:87 प्रमाणात कार्डबोर्ड आणि प्लास्टिकच्या पत्र्याचा सांगाडा चढवला तर बार्शी लाईटचे इंजिन उभे राहते. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय आहे. तेथे एकदा जाऊन छोट्या मापात किती बारकावा शक्य असतो हे पाहून यावे. मग जिल्ह्यातल्या जुन्या जाणत्यांकडून छायाचित्रे मिळवावीत, डब्यांच्या खिडक्या मोजाव्यात, आणि पुढच्या गड्ड्यात 9 मिलिमीटरच्या रुळाचा तो तुकडा खिशात ठेवूनच जावे.