सत्काराच्या दिवशी झेरॉक्स विसरू नका

तांड्यावर अभ्यासिका चालवायला नव्यानं येणाऱ्यांच्या अंगावर पहिल्याच उन्हाळ्यात एक काम पडतं. दहावीचा निकाल लागला की गुणगौरव. शाल, नारळ, फ्लेक्स, माईक, दोन पाहुणे. मलाही ते सोपंच वाटलं होतं.

आमचा भाग बीड जिल्ह्यातला, गेवराईकडचा. बंजारा तांडा, बहुतेक घरं ऊसतोडीची. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, आईबाप सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकातल्या फडात. पोरं आजीजवळ, हंगामी वसतिगृहात, नाहीतर सोबत कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. त्यामुळं २६ जानेवारीला शाळेत बक्षिसं वाटतात तेव्हा टाळ्या वाजवायला घरचं कुणीच नसतं. आम्ही म्हणूनच कार्यक्रम निकालानंतर, पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत धरतो. पाहुण्याला तारीख जमत नसेल तर पाहुण्याशिवाय.

हे शहाणपण पहिल्या वर्षी नव्हतं. त्या वर्षी एका मुलीला दहावीत ८८ टक्के पडले, गणितात ९४. प्रमुख पाहुण्यांसाठी तारीख दोनदा पुढं ढकलली. फ्लेक्सवर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘ऊसतोड मजुराच्या लेकीची गगनभरारी’. पाहुणे दीड तास उशिरा आले आणि पाऊण तास स्वतःच्या गरिबीवर बोलले. मुलीला माईक दिला तर ती दोन वाक्यं बोलून खाली बसली. नंतर मला बाजूला गाठून म्हणाली, "सर, बापाचा कोयता एवढा मोठा लिहिला, माझे गणिताचे मार्क कुठंच नाहीत." खरंच नव्हते. नावसुद्धा खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत.

तेव्हापासून फ्लेक्सवर काय लिहायचं ते पोरगं ठरवतं. एकानं टक्के लिहूच दिले नाहीत, ‘कबड्डी संघाचा कॅप्टन’ एवढंच लिहायला लावलं. आईबापाचं काम अभिमानानं सांगावंसं वाटलं तर त्यानं सांगावं, आपण परस्पर छापू नये. व्हॉट्सॲपवर टाकायच्या फोटोचंही तसंच.

त्या दिवसाची खरी चूक मात्र पुढं कळली. पाहुणे गेले, सतरंज्या गुंडाळून झाल्या आणि मुलीच्या याडीनं, म्हणजे आईनं, विचारलं, "आता हिला कुठं घालायचं? पैसं किती लागतील?" आमच्यातल्या एकालाही धड सांगता येईना. दुसऱ्या दिवशी चौकशी केली तर शहरातल्या शासकीय वसतिगृहाच्या अर्जाची मुदत आमच्या तारखा ढकलण्यात निघून गेली होती. अकरावीचं वर्ष तिनं मावशीच्या एका खोलीत, सहा माणसांत काढलं. शाल अजून ट्रंकेत असेल.

सत्काराचा विषय निघाला की मला केळुसकर गुरुजी आठवतात. लहानपणी भीमराव आंबेडकर एक परीक्षा पास झाले तेव्हा समाजातल्या लोकांनी अभिनंदनाची सभा घ्यायचं ठरवलं. वडील रामजी सुभेदारांनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, परीक्षाच तर पास झालाय, असं त्यांचं म्हणणं. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांची समजूत घातली, सभा झाली आणि गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्या मुलाच्या हातात ठेवलं. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवलंय. भाषणांतून ही गोष्ट बहुतेक वेळा त्या पुस्तकापाशीच संपते. मला महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं. कॉलेजचा खर्च घरच्यांना झेपेनासा झाला तेव्हा सयाजीराव महाराजांपर्यंत शब्द टाकणारे हेच गुरुजी. महिन्याला २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, १९१२ मध्ये बी.ए. झालं, आणि १९१३ मध्ये बडोद्याच्याच मदतीनं बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले.

आमच्याकडं आता मंडपात व्यासपीठाच्या बाजूला एक टेबल असतं, कागदांचं. तिथं कॉलेजात शिकणारी तांड्यावरचीच दोन पोरं बसतात आणि प्रत्येक घराचं बघतात: जातीचा दाखला, उत्पन्नाचा, अधिवासाचा, नॉन-क्रिमिलेअर, बँकेच्या खात्याला आधार जोडलंय का. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो आणि खातं जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. सगळ्यात चिवट प्रकरण जात वैधतेचं, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याच्या पडताळणीचं. बंजारा विमुक्त जातींत मोडतात, आणि विमुक्त जातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा दाखवावा लागतो. आता आजोबा शाळेतच गेला नसेल तर त्याचा शाळेचा निर्गम उतारा आणायचा कुठून? मग चुलत आजोबा, कोतवाल बुकातली (गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीतली) नोंद, भावकीत कुणाला वैधता मिळालीय का, असं खणत जावं लागतं. भावकी त्या दिवशी मंडपातच असते, म्हणून निम्मं काम जागेवर होतं. ऑक्टोबरात हेच करायला गेलात तर ज्याची सही हवी तो बाप फडात असतो.

जाहीर सत्काराचा एक उपयोग मला तिसऱ्या वर्षी उमगला. उसात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल म्हणजे आगाऊ पैसे त्यावर मिळतात. शिवाय वयात आलेली पोरगी मागं एकटी ठेवायची भीती. म्हणून दहावी झाली की लग्नाचं बोलणं सुरू होतं, अठरा पूर्ण व्हायची वाट न बघता. पण तांड्याच्या नायकासमोर, पाव्हण्यारावळ्यांसमोर बापानं माईकवर एकदा ‘हिला शिकवणार’ म्हटलं की त्याला शब्द फिरवणं जड जातं. म्हणून आम्ही भाषण पाहुण्याला नाही, बापाला करायला लावतो. काही बाप नुसतेच रडतात, तेही चालतं.

आणि दहावीपर्यंत थांबू नका. आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात, पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. आठवीतल्या त्या पोराला दहावीवाल्यांच्या आधी पुढं बोलवा. घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलणारं पहिलीतलं पोरगं मराठी धडा न अडखळता वाचत असेल तर माईक त्यालाही द्या. हजेरीसाठी मात्र बक्षीस ठेवू नका. आम्ही ठेवलं होतं, आणि आईबापांमागं फडावर गेलेली पोरं परत आल्यावर मान खाली घालून बसली.

यंदा निकालाच्या आठवड्यात तांड्यावर तीन लग्नं आहेत, तेव्हा तारीख चार दिवस पुढं जाईल. येणार असाल तर नारळ आणू नका. झेरॉक्सचं मशीन तालुक्यालाच आहे, येताना दोन रिम कागद, स्टेपलर आणि शाईचं पॅड घेऊन या. अंगठे बरेच असतात.