हापूससाठी बागायतदाराला आधी पैसे द्यायचेत? मग सलमचा कागद असा करा

दुबईला हापूस पाठवायचाय, व्याजात पडायचं नाही आणि बागायतदारालाही नाडायचं नाही, असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांच्यासाठी लिहितोय.

पहिलं म्हणजे मोहोर बघून बाग घेऊ नका. कोकणात हे सर्रास चालतं, पण हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नोंदींत, फळ लाल-पिवळं व्हायच्या आधी विकायला मनाई आहे, कारण हातात काय येणार ते कुणालाच ठाऊक नसतं. आमच्या वडिलांनी एकदा अशी बाग दिली, अवकाळी पाऊस झाला आणि व्यापारी उरलेले पैसे न देताच गेला, ते वर्ष घरात कुणी विसरलेलं नाही.

त्याऐवजी सलम करा, म्हणजे पैसे आज पूर्ण द्यायचे आणि माल ठरल्या तारखेला घ्यायचा, असा इस्लामी करार. मदिनेत लोक खजुरासाठी वर्ष-दोन वर्षं आधी पैसे द्यायचे, पैगंबरांनी ते थांबवलं नाही, फक्त माप, वजन आणि मुदत ठरलेली हवी म्हणाले.

पैसे सगळेच्या सगळे, करार होतो तेव्हाच. फेअरट्रेडमध्ये, म्हणजे शेतकऱ्याला रास्त भाव मिळावा म्हणून चालणाऱ्या प्रमाणपत्र योजनेत, कॉफी पिकवणाऱ्यांनी मागितलं तर ६० टक्क्यांपर्यंत आगाऊ मिळतात, इथे पूर्ण १००, आणि फवारणीच्या दिवसांत बागायतदाराला नेमके तेच लागतात.

कागदावर डझन-पेटी नको, किलो लिहा. म्हणजे असं: रत्नागिरी हापूस, ५०० किलो, प्रत्येक फळ २५० ग्रॅमच्या वर, चौदा आणे तयार (सोळा आणे म्हणजे पूर्ण), १० मे, अमुक पॅकहाऊसला पोच. साका, म्हणजे आतला गर पांढरट-स्पंजासारखा होणं, बाहेरून दिसत नाही, म्हणून किती फळं कापून बघायची तेही तिथेच लिहा. पण अमक्याच्याच बागेतला आंबा असं लिहू नका, त्याची बाग गेली तर त्याला दुसरीकडून आणून देता आला पाहिजे. इस्लामी कायद्याच्या हनफी आणि शाफई अशा वेगवेगळ्या परंपरा आहेत; हनफी मतात माल करारापासून पोच होईपर्यंत बाजारात असावा लागतो, कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यांच्याकडे पोच द्यायच्या वेळी मिळाला की पुरे, त्यामुळे आंब्याला अडचण नाही.

माल ताब्यात यायच्या आधी तोच पुढे विकू नका. दुबईवाल्याशी वेगळा सलम करा, एक करार दुसऱ्यावर टांगलेला नको.

भाव सीझनपेक्षा कमी चालतो, पण किती कमी? फेअरट्रेडमध्ये कॉफीला किमान भाव ठरलेला असतो, सलममध्ये तसा आकडा नाही, म्हणून फवारणी, राखण, तोडणीचा खर्च बागायतदाराबरोबर बसून मांडा आणि त्याच्या खाली उतरूच नका.

पीक बुडालं आणि दुसरीकडूनही माल मिळाला नाही तर पुढच्या सीझनपर्यंत थांबा नाहीतर दिले तेवढेच पैसे परत घ्या, वर एक रुपयाही नाही. ही ओळ सही करायच्या आधी त्याला मोठ्याने वाचून दाखवा.