किट कारच्या इंजिनाला एअर फिल्टर निवडताना

इथे इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत गॅरेजमध्ये मी सुट्या भागांच्या किटमधून बांधलेल्या सेव्हन पद्धतीच्या (लोटस सेव्हनसारख्या छोट्या, उघड्या) गाडीत फोर्डचं 1600 क्रॉसफ्लो इंजिन आहे, त्यावर हवा आणि पेट्रोल मिसळणारे दोन वेबर 40 डीसीओई कार्ब्युरेटर. फिल्टर घेण्याआधी हवेचा हिशेब करा: 1.6 लिटर गुणिले 6500 आरपीएम, भागिले दोन (सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतो), म्हणजे मिनिटाला सुमारे 5200 लिटर. म्हणून बॉनेटखाली मावेल तेवढा मोठा फिल्टर घ्या.

ट्रम्पेटचं, म्हणजे कार्ब्युरेटरला हवा नेणाऱ्या कर्ण्यासारख्या नळीचं, तोंड फिल्टरला चिकटू देऊ नका. निदान तोंडाच्या अर्ध्या व्यासाइतकी मोकळी जागा हवीच. बॉनेटला किती जागा उरते ते मी मळलेल्या कणकेचा गोळा फिल्टरवर ठेवून, बॉनेट दाबून बघतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. डीसीओईच्या तोंडाशी फ्लोट चेंबरला (पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्याला) हवा देणारं छिद्र असतं. फिल्टरच्या मागच्या पत्र्याने (बॅकप्लेट) किंवा मधल्या सीलने (गॅस्केट) ते झाकलं की मिश्रण बिघडतं, मग जेट (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारी बारीक छिद्रं) कितीही बदला. गॅस्केट कार्ब्युरेटरवर धरा, छिद्राची खूण करा आणि तिथे भोक पाडा.

फोम चालतो, पण मी तेल लावलेला कापडी फिल्टरच घेतो. धुऊन परत वापरता येतो. फिल्टर बसवल्यावर स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग तपासून जेटिंग पुन्हा जुळवा.